बोटीवरची नोकरी आणि घरचा हिशेब

सांगलीच्या गणपती पेठेतील एका हळदीच्या पेढीवर बारावीच्या निकालानंतर आठवड्याभराने एक रंगीत माहितीपत्रक येऊन पडले. निळे पाणी, पांढराशुभ्र गणवेश, खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या आणि खाली ठळक अक्षरांत मजकूर: दहा महिन्यांत परदेशी जहाजावर नोकरी, शंभर टक्के हमी, एकूण खर्च ९ लाख रुपये. पेढीचे मालक हळद घेताना हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याखेरीज पोत्याला हात लावीत नाहीत. माहितीपत्रक मात्र मोडून पाहण्याची सोय नव्हती. ते घेऊन आलेला गृहस्थ मोठ्या आर्जवाने बोलत होता. ‘‘शेठजी, दोन लाख आज भरा, जागा पक्की झाली असं समजा. मेडिकलचं वगैरे आम्ही पाहून घेऊ.’’

असे घर एकट्या सांगलीत आहे असे नव्हे. बार्शी, कारंजा, निपाणी, बारामती, कोणत्याही बाजारपेठेत ते सापडेल. मुलाला विज्ञान शाखेत बरे गुण मिळालेले असतात, वैद्यकीय प्रवेशाची आशा नसते, पेढीवर बसण्याची घाई नसते आणि कोणा मित्राच्या भावाने मोबाईलवर पाठविलेले सिंगापूरच्या बंदराचे छायाचित्र डोळ्यांसमोर असते. या घरातील मुलाला भौतिक, रसायन आणि गणित मिळून ७१ टक्के होते. त्याचे म्हणणे सरळ होते. ‘‘अण्णा, पेढीवर बसायचंच नाही असं नाही. पण एकदा बाहेरचं जग बघू द्या.’’ अण्णांना पैशाची काळजी होती, कारण ९ लाख म्हणजे एका हंगामाचे खेळते भांडवल. आईने काही न बोलता कपाटातील दागिन्यांच्या डब्याकडे पाहून घेतले होते. आज्जींचा प्रश्न वेगळाच होता. ‘‘तिकडं पोराच्या ताटात काय पडायचं?’’ मुलाच्या नाकावर बसलेल्या चष्म्याचा विचार मात्र घरात कोणाच्याही मनाला शिवला नव्हता.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. मर्चंट नेव्ही म्हणजे नौदल नव्हे. तिच्यात बंदूक नाही, सरकारी पगार नाही, निवृत्तिवेतन नाही. तेल, कोळसा, धान्य, लोखंड, यंत्रे आणि मालाने भरलेले कंटेनर एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोहोचविणारा हा निव्वळ व्यापार आहे, आणि म्हणूनच व्यापारी घराने त्याकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहावे हे योग्य. या व्यवसायात कंपनी बदलते, जहाज बदलते, ध्वज बदलतो. माणसाजवळ कायम राहते ते त्याचे सक्षमतेचे प्रमाणपत्र. ते कोणी, कशाच्या आधारावर आणि किती काळानंतर द्यायचे याचे नियम ठरलेले आहेत. दहा महिन्यांत खांद्यावर चार पट्ट्या देणारा नियम जगात कोठेही नाही. चार पट्ट्या कप्तानाच्या असतात आणि तिथवर पोहोचायला साधारण दहा वर्षे लागतात.

पेढीच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी मिरजेचे एक गृहस्थ जहाजावर सेकंड इंजिनिअर आहेत. ते सुट्टीवर आले असता अण्णांनी ते माहितीपत्रक त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते उलटूनसुद्धा पाहिले नाही. ‘‘अण्णा, खर्चाचं नंतर बघू. या माणसाकडं दोन कागद मागा. संस्थेला डीजी शिपिंगची मान्यता असल्याचा एक, आणि शिकाऊ म्हणून जहाजावर घेणार असं लिहून देणाऱ्या कंपनीचा दुसरा. हे दोन नसतील तर पुढचं बोलणंच नको.’’

डीजी शिपिंग म्हणजे मुंबईतील नौवहन महासंचालनालय. भारतात कोणत्या संस्थेने कोणता अभ्यासक्रम किती जागांसाठी चालवावा याची मान्यता तेथून मिळते आणि मान्यताप्राप्त संस्थांची यादी कोणालाही पाहता येते. भारतीय प्रमाणपत्राला जगभर किंमत आहे ती एका आंतरराष्ट्रीय करारामुळे. मार्च १९६७ मध्ये टॉरी कॅनियन नावाचे तेलवाहू जहाज भरतीची वेळ गाठण्यासाठी जवळच्या वाटेने निघाले आणि इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ खडकावर आदळले. हजारो टन कच्चे तेल समुद्रात सांडले. अशा अपघातांनंतर जहाजावरील माणसांचे प्रशिक्षण ज्याच्या त्याच्या देशावर सोडून चालणार नाही हे सर्वांना उमगले, आणि १९७८ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने प्रशिक्षण, प्रमाणीकरण आणि पहाऱ्याचे मानक ठरविणारा करार केला. एसटीसीडब्ल्यू या नावाने तो ओळखला जातो. १९९५ मध्ये त्याची मोठी फेररचना झाली, २०१० मध्ये मनिला येथे पुन्हा दुरुस्त्या झाल्या. सांगलीच्या मुलाला मिळणारे प्रमाणपत्र रॉटरडॅमच्या बंदरात तपासले जाते ते या करारातील कलमांनुसार. मान्यता नसलेल्या संस्थेचा कागद या साखळीत कोठेच बसत नाही, मग त्यावर कितीही सोनेरी शिक्के असोत.

अधिकारी होण्याच्या वाटा मुख्यतः दोन. जहाज चालविण्याची, म्हणजे डेकची. आणि जहाजाची यंत्रे चालविण्याची, म्हणजे इंजिनाची. डेकसाठी बारावीनंतर नॉटिकल सायन्सची तीन वर्षांची पदवी अथवा डीएनएस हा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम. दोन्हींसाठी भौतिक, रसायन, गणित मिळून ६० टक्के आणि दहावी किंवा बारावीला इंग्रजीत ५० टक्के गुण लागतात. इंजिनासाठी मरीन इंजिनिअरिंगची चार वर्षांची पदवी, किंवा आधी मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन नंतर जीएमई नावाचे सुमारे एका वर्षाचे प्रशिक्षण. २००८ मध्ये स्थापन झालेले भारतीय सागरी विद्यापीठ यांपैकी बऱ्याच अभ्यासक्रमांसाठी सामायिक प्रवेश परीक्षा घेते. दहावीनंतर सहा महिन्यांचे जीपी रेटिंगचे प्रशिक्षण घेऊन खलाशी म्हणूनही जाता येते. त्यातूनही वर चढणारे असतात, पण तो मार्ग लांबचा आहे. स्वयंपाक विभागाचाही असा अभ्यासक्रम असतो. तेथे मांस हाताळावे लागते, हे आधीच माहीत असलेले बरे.

मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश मिळाला म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्यांची संख्या मोठी आहे. वस्तुतः खरी अडचण पुढे सुरू होते. वर्गातील जागा वाढविता येतात. जहाजावर शिकाऊ उमेदवारासाठी असलेली खाट वाढविता येत नाही. डीएनएस झालेल्या मुलाने १८ महिने, तर नॉटिकल सायन्सच्या पदवीधराने १२ महिने प्रत्यक्ष समुद्रावर काढल्याखेरीज त्याला पहिल्या परीक्षेला बसता येत नाही. मेकॅनिकल करून जीएमई झालेल्या मुलासाठी ही मुदत ६ महिन्यांची आहे. जहाज मिळाले नाही तर पदविका कपाटात राहते आणि मुलगा घरात. म्हणून सेकंड इंजिनिअरांनी मागावयास सांगितलेला दुसरा कागद पहिल्याइतकाच मोलाचा. चांगल्या जहाज कंपन्या स्वतःची लेखी परीक्षा आणि मुलाखत घेऊन मुले निवडतात व प्रवेशापूर्वीच त्यांना प्रायोजकत्वाचे पत्र देतात. ते पत्र हाती नसताना लाखो रुपयांचे शुल्क भरणे म्हणजे वखार न पाहता पावसाच्या तोंडावर माल भरण्यासारखे आहे.

आता हिशेब. तो कोणत्याही माहितीपत्रकात नसतो.

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत डीजी शिपिंगची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमांचा स्पष्ट उल्लेख आहे. सर्वसाधारणपणे ४ लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही, पालक सहकर्जदार असले की पुरते, ७.५ लाखांच्या वर मात्र घर, ठेव अथवा अन्य तारण लागते. हप्ता अभ्यासक्रम संपल्यानंतर एका वर्षाने सुरू होतो. समजा, डीएनएससाठी ६ लाखांचे कर्ज १० टक्के दराने घेतले आणि सर्व रक्कम आरंभीच उचलली. दोन वर्षांच्या सवलतीच्या काळातले सरळव्याज १ लाख २० हजार रुपये होते. ते दरमहा ५ हजारांप्रमाणे भरत गेले तर मुद्दल ६ लाखच राहते आणि दहा वर्षांच्या फेडीचा हप्ता ७ हजार ९२९ रुपयांच्या आसपास येतो. न भरले तर कर्ज ७ लाख २० हजारांचे होते आणि हप्ता साधारण ९ हजार ५१५ रुपयांचा. इथवर कोणाही व्यापाऱ्याला नवे काही नाही.

पण या हप्त्यांशेजारी मुलाचे वेळापत्रक मांडून पाहावे. पहिले वर्ष अभ्यासक्रमाचे. त्यानंतर जहाजाची प्रतीक्षा; ती सहा महिन्यांचीच धरू. मग १८ महिन्यांची समुद्रसेवा. ती सलग होत नाही, दोन-तीन करारांत आणि मधल्या सुट्ट्यांत विभागली जाते, म्हणजे पावणेदोन-दोन वर्षे गेलीच. त्यानंतर किनाऱ्यावर येऊन अग्निशमन, प्रथमोपचार, जीवननौका, रडार, रेडिओ संदेशवहन असे प्रगत अभ्यासक्रम आणि सेकंड मेटची परीक्षा. या सात-आठ महिन्यांत पगार नसतो, उलट शुल्क आणि मुंबईतील राहण्याचा खर्च असतो. प्रवेशापासून पहिल्या खऱ्या पगारापर्यंत चार वर्षे सहज उलटतात. हप्ता मात्र चोविसाव्या महिन्यानंतर दार ठोठावतो. म्हणजे थर्ड ऑफिसरचा पहिला पगार येण्यापूर्वी सुमारे २४ हप्ते, २ लाख २८ हजार रुपये, भरून झालेले असतात. शिकाऊ उमेदवाराला जहाजावर दरमहा काही शे डॉलर विद्यावेतन मिळते, त्याचा आधार होतो. पण दोन वर्षांचे हप्ते पेढीला सोसावे लागतील, असे धरूनच चालावे. तसे केले तर चिंता राहत नाही. अनेक घरे अडचणीत येतात ती कर्जामुळे नव्हे, तर मुलगा दहाव्या महिन्यापासून डॉलर पाठवील या समजुतीमुळे.

त्या माहितीपत्रकातील ९ लाखांपैकी बँक किती देईल, असे विचारायला अण्णा बँकेत गेले, तेव्हा कर्ज विभागातील अधिकाऱ्याने शुल्काची पावती कोणाच्या नावे मिळणार, असा साधा प्रश्न केला. प्रशिक्षणाचे शुल्क साडेपाच लाख; उरलेल्या साडेतीन लाखांची पावती मिळणार नव्हती. ती रक्कम ‘नोकरीची’ होती.

येथे कायदा अगदी स्पष्ट आहे. खलाशी आणि अधिकारी यांची भरती करणाऱ्या प्रत्येक कंपनीकडे डीजी शिपिंगचा परवाना लागतो. आरपीएसएल या आद्याक्षरांनी तो ओळखला जातो आणि परवानाधारकांची यादी जाहीर असते. नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेण्यास या परवानाधारकांनाही मनाई आहे. २००६ च्या सागरी कामगार कराराचे हेच तत्त्व आहे आणि भारताने तो करार २०१५ मध्ये मान्य केला. मग बिनपरवान्याच्या माणसाला रोखीने साडेतीन लाख कशासाठी द्यायचे? अशा वाटेने गेलेली मुले बहुधा कोणत्या तरी आखाती बंदरातील जुनाट, लहान जहाजावर पोहोचतात. करारनामा नसतो, नोंद नसते, कधी कोणत्या तरी दूरच्या देशाच्या नावाची खलाशी-पुस्तिका हातात दिलेली असते. मालक कर्जबाजारी झाला की पगार थांबतो, मग अन्न, मग पाणी. सागरी कामगार करारानुसार मालकाने दोन महिने पगार थकविला तर ते जहाजावरील माणसांना वाऱ्यावर सोडणे ठरते, आणि अशा वेळी घरी परतण्याचा खर्च व चार महिन्यांपर्यंतचा पगार देणारी आर्थिक हमी जहाजापाशी असावी लागते. पण ही हमी कागदोपत्री नोंद असलेल्या जहाजाला आणि माणसाला उपयोगी पडते. ज्याची नोंदच नाही त्याच्यासाठी दूतावासालाही आधी शोधाशोध करावी लागते.

नोंदीचे महत्त्व व्यापारी घराला समजावून सांगण्याची गरज नसावी. भारतीय दर्यावर्द्याला इंडॉस नावाचा एक कायमचा क्रमांक मिळतो आणि सीडीसी नावाची पुस्तिका मिळते. समुद्रात जीव वाचविण्याची तंत्रे, आगीशी सामना, प्राथमिक उपचार, वैयक्तिक सुरक्षितता आणि सुरक्षाविषयक कर्तव्ये यांचे मूलभूत प्रशिक्षण पूर्ण झाले की ती मिळते. कोणत्या दिवशी कोणत्या जहाजावर चढला आणि कोणत्या दिवशी उतरला, याची तीत सही-शिक्क्यानिशी नोंद होते. ही त्याची खतावणीच होय. परीक्षेस बसण्याची पात्रता तीवरून ठरते. वर्षातील १८२ दिवसांचा हिशेब करून तो प्राप्तिकरासाठी निवासी की अनिवासी, हे ठरवितानाही तिच्यातील तारखा कामी येतात. ज्या घरात मुलाने हे करिअर धरले आहे त्यांनी त्या पुस्तिकेच्या प्रत्येक पानाची प्रत काढून ठेवावी आणि पगार अनिवासी खात्यातच जमा व्हावा, हे पहिल्या करारापासून पाहावे. मागाहून दुरुस्त्या करीत बसणे फार त्रासाचे होते.

थोरले काका मात्र मुळातच विरोधात होते. ‘‘आपल्यातलं कोण गेलंय बोटीवर?’’ हा त्यांचा प्रश्न. गंमत अशी, की काका ज्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या रस्त्याने रोज सकाळी फिरायला जातात, त्याच्या नावातच उत्तर आहे. वालचंद हिराचंद हे सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यातले, जन्म १८८२ चा. नरोत्तम मोरारजी, लल्लुभाई सामळदास, किलाचंद देवचंद यांच्यासह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभारली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी तिचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो तो त्यामुळे. इंग्रज कंपन्यांनी दर पाडून ही कंपनी बुडविण्याचा प्रयत्न केला, ती तगली. पुढे विशाखापट्टणम येथे त्यांच्या पुढाकाराने जहाज बांधण्याचा कारखाना उभा राहिला आणि १९४८ मध्ये तेथून ‘जलउषा’ पाण्यात उतरली. जहाज स्वदेशी झाले तरी ते चालविणारे अधिकारी येथेच तयार करण्याची सोय व्हायला आणखी आठ वर्षे जावी लागली होती: ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज मुंबई बंदरात १९२७ मध्ये सुरू झाले. १९७२ मध्ये ‘राजेंद्र’ने त्याची जागा घेतली आणि १९९३ मध्ये प्रशिक्षण जमिनीवर, नवी मुंबईतील ‘चाणक्य’ संस्थेत आले. जहाजांची मालकी समाजाला नवी नाही. जहाजावर जाणे नवे वाटते, एवढेच.

आज्जींच्या प्रश्नाकडेही दुर्लक्ष करण्याचे कारण नाही. सागरी कामगार करारात जहाजावरील अन्न विनामूल्य असावे आणि ते देताना खलाशांच्या धार्मिक गरजा व रीतिरिवाज लक्षात घ्यावेत, असे म्हटले आहे. प्रत्यक्षात भारतीय खलाशी आणि भारतीय भंडारी असलेल्या जहाजावर वरण, भात, चपाती, भाजी रोज मिळते. बहुराष्ट्रीय जहाजावर अडचण येते. तेथे एकच स्वयंपाकघर, एकच कढई, आणि पंधरा दिवस किनारा न दिसल्यास भाजीच्या नावाखाली कांदा-बटाटाच उरतो. ज्यांच्या घरी कंदमुळे वर्ज्य आहेत त्यांच्या मुलाने काय करायचे याचा निर्णय त्याने घरून निघतानाच केलेला बरा. दक्षिण चिनी समुद्रात तो करता येत नाही. मेतकूट, शेंगाचटणी, भाजणी आणि डाळींची पिठे बरोबर नेणारी मुले पुष्कळ आहेत. रात्रभोजनाच्या बाबतीत जहाज घरापेक्षा सोयीचे ठरते, कारण संध्याकाळचे जेवण सहाच्या आतबाहेर उरकते. अर्थात हिवाळ्यात उत्तर युरोपच्या बंदरात सूर्य चारलाच मावळतो, तेथे काय करावे हे ज्याचे त्याने ठरवावे. जिवंत जनावरे वाहून नेणारी जहाजेही असतात. कंपनी निवडताना ती कोणत्या प्रकारची जहाजे चालविते, एवढे विचारले की तो प्रश्न उरत नाही.

राहिला चष्मा. तो सेकंड इंजिनिअरांच्या लक्षात आला, निघता निघता. ‘‘नंबर किती आहे तुझा?’’ असे त्यांनी मुलाला विचारले आणि मग पुन्हा खुर्चीत बसले.

रात्रीच्या समुद्रात एक जहाज दुसऱ्याला दिसते ते दिव्यांवरून. डाव्या बाजूला लाल दिवा, उजव्या बाजूला हिरवा, वर डोलकाठीवर पांढरे. १९७२ च्या टक्कर-प्रतिबंधक नियमांप्रमाणे मोठ्या जहाजाचा बाजूचा दिवा तीन सागरी मैलांवरून दिसला पाहिजे. दोन यांत्रिक जहाजे एकमेकांचा मार्ग छेदत असतील, तर ज्याला दुसरे जहाज आपल्या उजव्या हाताला दिसते त्याने वाट द्यायची. म्हणजे उजवीकडे लाल दिवा दिसला की आपण वळायचे. पहाऱ्यावरचा अधिकारी हे बहुधा एकटा, मध्यरात्री, पावसात आणि खाऱ्या पाण्याच्या तुषारांत ठरवीत असतो. डेकच्या उमेदवाराची नजर चष्म्याशिवाय ६/६ असावी आणि रंगांधळेपणा मुळीच नसावा, ही अट आली ती येथून. सेकंड मेटच्या तोंडी परीक्षेत परीक्षक याच दिव्यांवरून प्रश्नांमागून प्रश्न विचारतात. लेखी परीक्षा पहिल्या फटक्यात उत्तीर्ण झालेली मुले तेथे दोन-दोन, तीन-तीन वेळा अडखळतात. इंजिनाच्या शाखेत चष्म्याला ठरावीक मर्यादेपर्यंत मुभा आहे. वैद्यकीय तपासणी डीजी शिपिंगने मान्य केलेल्या डॉक्टरांकडूनच व्हावी लागते आणि पुढे नोकरीतही ती दर दोन वर्षांनी करावी लागते. एखाद्याने प्रवेशापुरते खोटे प्रमाणपत्र ‘पाहून घेतले’, तरी दुसऱ्या डॉक्टरपुढे ते उघडे पडते. आणि न पडले तर काय होईल, याचा विचार त्या जहाजावरील वीस-बावीस माणसांच्या घरच्यांनी करावा असा आहे.

शुल्क भरण्याआधी तपासणी करून घेण्याचा खर्च थोडका असतो. बहुतेक घरे ती शुल्क भरल्यानंतर करतात. अण्णांनी मुलाला घेऊन ती आधी केली. चष्म्याविना एका डोळ्याची नजर ६/९, दुसऱ्याची ६/१२, रंगज्ञान निर्दोष. डेकचे दार बंद झाले. त्या गृहस्थाचे दोन लाख भरले असते तर ते परत मिळाले नसते, कारण माहितीपत्रकाच्या मागील बाजूस, बारीक अक्षरांत, आगाऊ रक्कम कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही, असे छापलेले होते.

मुलगा चार दिवस कोणाशी बोलला नाही. कप्तानाचे स्वप्न सोडून इंजिनाच्या खोलीतील ४०-४५ अंश उष्णतेत जायचे, हे लगेच पचणारे नव्हतेच. त्याला पुन्हा बोलते केले ते सेकंड इंजिनिअरांनी. जहाज समुद्राच्या मध्यावर बंद पडते तेव्हा कप्तान कोणाकडे पाहतो, एवढेच त्यांनी विचारले. त्यांचा सल्ला मरीन इंजिनिअरिंगपेक्षा मेकॅनिकलची पदवी घेऊन मग जीएमई करण्याचा होता, आणि व्यापारी घराला तो विशेष मानवणारा आहे. चार वर्षांत मुलाचे मन बदलले, जहाजांचा धंदा मंदावला किंवा डोळ्यांचा नंबर वाढला, तरी हातातील पदवी जमिनीवरही चालते. शिवाय समुद्रसेवेची अट सहा महिन्यांचीच असल्यामुळे पहिले प्रमाणपत्र, एमईओ क्लास फोर, लवकर हाती येते. पुढे क्लास टू, मग क्लास वन, मग चीफ इंजिनिअर. प्रत्येक पायरीला पुन्हा समुद्रसेवा आणि पुन्हा परीक्षा. प्रमाणपत्र मिळाले तरी ते पाच वर्षांनी नवे करावे लागते आणि त्या पाच वर्षांत किमान १२ महिने समुद्रावर काढले असले तर ते सुलभपणे होते. हे शिक्षण संपत नाही, आणि ज्याला ते संपावे असे वाटते त्याने या वाटेला न जाणे बरे.

अभियांत्रिकीच्या प्रवेशफेरीत मुलाने पहिली पसंती वालचंद महाविद्यालयाच्या मेकॅनिकलला दिली आहे. तेथे न मिळाल्यास कोल्हापूर. काकांचा विरोध तूर्त चार वर्षांपुरता मावळला आहे. माहितीपत्रकवाल्या गृहस्थाचे आणखी तीन फोन येऊन गेले. जागा आता दोनच उरल्या होत्या आणि शुल्कात पन्नास हजारांची सवलतही मिळत होती. अण्णांनी त्याला परवान्याचा क्रमांक विचारला, तेव्हा चौथा फोन आला नाही.

सेकंड इंजिनिअर ऑगस्टमध्ये पुन्हा जहाजावर रुजू होणार होते. जाण्यापूर्वी ते पाच किलो हळद पूड न्यायला पेढीवर आले, तेव्हा आज्जी मुद्दाम बाहेर येऊन बसल्या. इंजिनाकडच्या पोरांना जेवण त्याच वेळेला मिळतं का, एवढे त्यांना विचारायचे होते.